काटा बिघडलाय की इंजिन तापलंय?

मे महिन्यात अंबडहून मोसंबी भरून निघालो होतो. शहागडच्या पुढे माझ्या जुन्या पिकअपचा टेम्परेचर काटा एकाएकी लाल पट्ट्यात गेला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तर वाफ नाही, कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) वास नाही, त्याच्या बाटलीत पाणी खुणेला. तरी भीतीपोटी पंधरा दिवसांत थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला, रेडिएटर उतरवून साफ करून घेतला, वॉटर पंपही नवा टाकला. काटा तसाच. शेवटी एका वायरमनने सेन्सरची वायर बोटांनी चाचपली आणि दाखवली. ब्रॅकेटला घासून तिचं आवरण गेलं होतं, आतलं तांबं इंजिनाला टेकत होतं. हातभर वायरीचं काम होतं ते.

पुढच्याच वर्षी चुलतभावाच्या वाट्याला याच्या उलटं आलं. चाळीसगावकडून केळी भरून तो कन्नडचा औट्रम घाट चढत होता. काटा वर गेला आणि मग झपकन खाली येऊन थंडच्या खुणेवर बसला. त्याने थांबून मला फोन केला, "दादा, तुझ्यासारखंच वायरीचं दिसतंय," आणि पुन्हा गाडी चढाला घातली. रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) फाटून पाणी वाहून गेलं होतं. हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं, त्याखालचं गॅस्केट जळालं. वायरीचा किस्सा त्याला मीच सांगितला होता. म्हणून हा फरक नीट मांडून ठेवावा असं तेव्हापासून मनात आहे.

जुन्या गाड्यांत बहुतेक एका वायरीचा सेन्सर असतो. तो थर्मोस्टॅटजवळ पाण्यात बुडालेला असतो आणि त्याची अर्थिंग इंजिनाच्या धातूतूनच होते. पाणी थंड असलं की त्याचा विद्युतरोध जास्त, तापलं की कमी. रोध कमी झाला की मीटरमधून जास्त करंट जातो आणि काटा चढतो. वायर तुटली किंवा सुटली, तर मीटरला वाटतं इंजिन गार आहे. वायर उघडी पडून बॉडीला टेकली, तर वाटतं इंजिन पेटलं. माझ्या गाडीत हेच झालं होतं.

पहिली खूण म्हणजे काट्याची चाल. पाच-सात लिटर पाणी एका क्षणात तापत नाही. इंजिन खरंच हीट होत असेल तर काटा हळूहळू सरकतो, चढाला वाढतो, उताराला थोडा उतरतो, भार जास्त असला की लवकर चढतो. खड्ड्यात चाक गेल्यावर किंवा हेडलाइट लावल्यावर हलणारा काटा तापमान सांगत नसतो. तिथे सैल जोड किंवा इंजिन ते चॅसीची गंजलेली अर्थिंग पट्टी बघावी. पट्टी खराब असेल तर स्टार्टरही जड फिरतो. डिझेलचा काटा आणि टेम्परेचरचा काटा दोन्ही एकाच वेळी भलतंच दाखवू लागले, तर इंजिनाकडे जाण्याआधी मीटरचा व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि मीटरची स्वतःची अर्थिंग तपासा. दोन्ही काट्यांना तिथूनच पुरवठा होतो.

दुसरी खूण इंजिन स्वतः देतं. खरं तापलेलं इंजिन ओढ कमी करतं, चढावर टकटक करतं, कूलंटचा गोडसर वास येतो, बाटलीत बुडबुडे उठतात. हे काही नसेल तर रेडिएटरच्या वरच्या भागावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. हल्ली हे यंत्र बऱ्याच गॅरेजांत असतं. थर्मोस्टॅट ज्या धातूच्या घरात बसतो त्यावर मोजायचं असेल तर चकचकीत धातूवर काळी टेप लावून मोजा, नाहीतर आकडा कमी येतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडू लागतो. तिथे ८५–९० दिसत असताना मीटरचा काटा लाल पट्ट्यात असेल, तर चूक मीटरकडच्या बाजूला आहे. रेडिएटरचं झाकण मात्र गरम इंजिनावर कधीच उघडू नका, काटा काहीही सांगो.

या झाकणाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. आपल्याकडे बरीच गावं समुद्रसपाटीपासून ५०० मीटरच्या आसपास उंचीवर आहेत, तिथे उघडं पाणी ९८ अंशांच्या जवळ उकळतं. झाकणाने सुमारे ०.९ बार दाब धरला तर तेच पाणी ११८ च्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की दाब राहत नाही, आणि काटा लाल पट्ट्याच्या खाली असतानाच गाडी उकळून वाहते. अशा वेळी लोक मीटरला खोटं ठरवतात. मीटर खरं असतं, झाकण गेलेलं असतं.

आता भावाला नडलेली गोष्ट. सेन्सर पाण्यात असेल तरच खरं सांगतो. पाणी वाहून गेलं की तो हवेत लटकतो, हवा त्याला तेवढी उष्णता पोचवत नाही, आणि हेड भट्टीसारखं तापलेलं असताना काटा खाली येतो. चढल्यानंतर एकदम पडलेला काटा मला लाल पट्ट्यातल्या काट्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. वायर सुटल्यावरही काटा असाच पडतो, म्हणून बॉनेट उघडून पाणी बघितल्याशिवाय वायरीचा विचारही करू नये. पाणी कमी असेल तर इंजिन बंद करा, पूर्ण गार होऊ द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

पाणी पूर्ण आहे, इंजिन गार आहे, तरी काटा चुकतोय, इतकं पक्कं झालं की मगच वायर काढून बघायची. चावी चालू ठेवून सेन्सरची वायर काढा, काटा पूर्ण खाली यायला हवा. मग वायरीचं टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूला दोन-तीन सेकंदच टेकवा, काटा वर जायला हवा. जास्त वेळ धरलं तर जुनं मीटर जळतं. दोन्ही बरोबर आलं तर वायर आणि मीटर ठीक, सेन्सर खराब. वायर काढूनही काटा वरच राहिला, तर वायर कुठेतरी टेकलीय किंवा मीटर अडकलंय. टेकवूनही हलला नाही, तर वायर तुटलीय किंवा मीटरला पुरवठा नाही. दोन वायरींचा सेन्सर आणि कॉम्प्युटरवरची इंजिनं यांवर हा प्रयोग करू नका. आणि नवा सेन्सर बसवताना त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळू नका, अर्थिंग तुटते आणि काटा कायम कमी दाखवतो.

आपल्याकडे दोन्ही बिघाड एकमेकांत गुंततात, ते बोअरच्या पाण्यामुळे. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात कूलंटऐवजी हातपंपाचं खारं पाणी रेडिएटरमध्ये जातं. त्याचा क्षार नळ्यांत साचतो आणि इंजिन खरंच जास्त तापू लागतं. तोच क्षार सेन्सरच्या टोकावर पांढऱ्या थरासारखा बसतो आणि उष्णता आत जायला उशीर करतो. इंजिन जास्त तापतं आणि काटा कमी दाखवतो. त्यात कापसाच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत अडकलेला फुफाटा आणि तंतू हवा रोखतात. भावाच्या गाडीचं हेड उतरवलं तेव्हा मेस्त्रीने सेन्सर काढून माझ्या हातात दिला. नखाने खरवडला तरी थर निघाला नाही, शेवटी तो व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवावा लागला.