संशोधन अनुदान आणि फेलोशिप : पैसा कामाचा की माणसाचा?

‘अमक्याच्या मुलीला युनिव्हर्सिटीची ग्रँट लागली’ असे कोणी सांगितले, की तिला नेमके काय मिळाले हे कळण्यासाठी बेळगावात अजूनही दोन-तीन उलटे प्रश्न विचारावे लागतात. कधी ती दरमहा खात्यावर जमा होणारी फेलोशिप निघते, कधी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मंजूर झालेले काही हजार रुपये निघतात, तर कधी नुसती फीमाफी. बोलण्यात ही सरमिसळ खपून जाते. पण ती अर्जात, अंदाजपत्रकात आणि पुढे लेखापरीक्षणात उतरली, की कोणाचे तरी पैसे अडकतात. ही गल्लत करणाऱ्यांत प्राध्यापकांची संख्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी नाही, आणि तेच तेच समजावून सांगण्याचा आता कंटाळा आला असल्यामुळे एकदाच नीट लिहून ठेवतो.

शिष्यवृत्ती घरोघर ठाऊक आहे. नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, जात-उत्पन्नाचा दाखला काढायचा, त्यावरचा आरडी क्रमांक एसएसपी या राज्य शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर भरायचा आणि आधार जोडलेल्या खात्यात पैसे कधी पडतात याची वाट बघायची, हे विद्यासिरी या कर्नाटक सरकारच्या योजनेचा अर्ज भरलेल्या कोणाही मुलाला शिकवावे लागत नाही. फेलोशिप त्याच जातकुळीची, फक्त संशोधन करणाऱ्यासाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ फेलोशिप ४२,००० रुपये झाली. या पैशातून खोलीभाडे जाते, मेसचे बिल जाते, गावी आईला चार पैसे पाठवले जातात, आणि त्यातल्या कशाचीही पावती कोणी मागत नाही.

अंतर्गत संशोधन अनुदान मात्र फारसे कोणी जवळून पाहिलेले नसते. आपल्या शहरात विद्यापीठांची वाण नाही. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून इथे आहे, केएलईला अभिमत विद्यापीठाचा दर्जा २००६ साली मिळाला, आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठापासून वेगळे झाले. नियमपुस्तके वेगवेगळी असली तरी अंतर्गत अनुदानाची चाल सगळीकडे साधारण सारखीच असते. शुल्क, संलग्नता, ठेवींवरचे व्याज अशा स्वतःच्या उत्पन्नातून विद्यापीठ वार्षिक अर्थसंकल्पात संशोधनासाठी एक रक्कम बाजूला काढते. प्राध्यापकांकडून प्रस्ताव मागवले जातात, समिती ते तपासते, आणि ज्याला आपण सीड मनी म्हणतो ती लहानशी रक्कम मंजूर होते. हेतू एवढाच, की प्राथमिक नमुने गोळा व्हावेत, पहिली आकडेवारी हाती यावी आणि तिच्या जोरावर बाहेरच्या मोठ्या संस्थेकडे रीतसर प्रस्ताव जावा. विद्यार्थ्यांसाठीही अशीच तजवीज असते : प्रकल्पाचा खर्च, क्षेत्रभेट, परिषदेत निबंध वाचायला जाण्याचा प्रवास.

आता मूळ फरक. फेलोशिप माणसाला मिळते, अनुदान कामाला मिळते. हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. त्याचा अर्थ मात्र फार थोड्यांनी शेवटपर्यंत नेलेला असतो. रक्कम मोठी की लहान, ती शिक्षकाला मिळाली की विद्यार्थ्याला, दिल्लीहून आली की इथल्याच वित्त अधिकाऱ्याच्या सहीने आली, यावरून काहीही ठरत नाही. विद्यार्थ्याला अनुदान मिळू शकते आणि शिक्षकाला फेलोशिप मिळू शकते. शनिवारच्या बाजाराला घरून दिलेले पैसे आणि हातखर्चाला दिलेले पैसे एकाच खिशात असले, तरी भाजी आणून उरलेली मोड कोणाला परत करायची हे घरात कोणाला विचारावे लागत नाही. अनुदानाची शिल्लकही तशीच, देणाऱ्याची.

तपासून बघायचे असेल तर एकच प्रश्न विचारावा : हा माणूस उद्या सोडून गेला, तर पैशाचे काय होईल? फेलोशिप त्याच्याबरोबर थांबते. त्या जागी बसणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याला ती आपोआप मिळत नाही. अंतर्गत अनुदान संस्थेकडेच राहते. मुख्य संशोधक बदलून गेला तर सहसंशोधक परवानगी घेऊन काम पुढे नेतो, नाहीतर खाते बंद करून शिल्लक परत जाते. म्हणूनच अनुदानाची रक्कम प्राध्यापकाच्या बचत खात्यात पडत नाही. ती संस्थेच्या पुस्तकात एका स्वतंत्र शीर्षाखाली नोंदली जाते आणि प्राध्यापकाला मिळतो तो खर्च करण्याचा अधिकार. ‘माझी ग्रँट’ असे म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तर निम्मी भांडणे मिटतील.

एक काल्पनिक अंदाजपत्रक समोर ठेवू. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेच्या पाण्याचा पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा दर्जा तपासायचा आहे. कागदावर पाच ओळी येतात : पीएच मीटर आणि नमुन्याच्या बाटल्या, रसायने, क्षेत्रकार्याचा प्रवास, बाहेरच्या प्रयोगशाळेची तपासणी फी, आकस्मिक खर्च. समिती एकूण रकमेला मंजुरी देते असे आपण समजतो. खरे तर ती प्रत्येक ओळीला स्वतंत्र मंजुरी देते. प्रवासातले वाचले म्हणून त्यात आणखी एक मीटर घ्यायचे, तर आधी लेखी परवानगी लागते. ती न घेता केलेला खर्च प्रामाणिक असला तरी तो नामंजूर होऊ शकतो, आणि मग तो संशोधकाच्या पगारातून भरून घेतला जातो. उलट, तपासणीतून काहीच उल्लेखनीय निघाले नाही, प्रयोग साफ फसला, तरी ओळीप्रमाणे खर्च आणि अहवाल नीट असेल तर एक रुपयाही परत मागितला जात नाही. लोकांच्या मनात याच्या नेमके उलटे असते : निष्कर्ष चांगला आला की हिशेब कोण विचारतो, अशी एक गोड समजूत. लेखापरीक्षक शोधनिबंध वाचत नाही, तो व्हाउचर वाचतो.

व्हाउचरचा विषय निघालाच आहे तर एक अडचण सांगतो. कणकुंबी, जांबोटी भागात जीप ठरवली तर पक्के बिल देणारा चालक क्वचितच भेटतो, आणि मग परत आल्यावर शहरातल्या एखाद्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून कोरे बिल मिळवण्याची धडपड सुरू होते. ही सवय मला अजिबात मान्य नाही. चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, तारीख, कुठून कुठे, किती रुपये आणि त्याची सही असलेली साधी पावती, तिच्यासोबत विभागप्रमुखाचा शेरा, एवढे चालेल का हे निघण्यापूर्वी लेखा विभागाला विचारून घ्यावे. आधी विचारणाऱ्याला बहुधा वाट दाखवली जाते, नंतर विचारणाऱ्याला नियम. राज्य विद्यापीठांत मोठ्या खरेदीला कर्नाटकचा १९९९ चा सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायदा लागतो, तेव्हा ओळखीच्या दुकानातून आधी वस्तू आणायची आणि कोटेशने मागाहून जमवायची, हा उद्योग तर मुळीच करू नये.

हिशेबाचा शेवट उपयोगिता प्रमाणपत्राने होतो, ज्याला कार्यालयात सगळे यूसी म्हणतात. कागद एक पानाचा असतो : मंजूर रक्कम, मिळालेला हप्ता, त्यावरचे व्याज, झालेला खर्च, शिल्लक, आणि खाली सह्या. केंद्र सरकारच्या पैशासाठी २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला १२-ए हा नमुना वापरतात, आणि त्या नियमांनुसार अनुदानावर मिळालेले व्याजसुद्धा सरकारजमा करावे लागते. अंतर्गत अनुदानाला विद्यापीठाचा स्वतःचा नमुना असतो, पण रकाने तेच. यूसी गेली नाही तर दुसरा हप्ता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असते. तरीही ती लिहायला मार्चअखेरच उजाडते. त्याच महिन्यात ‘ग्रँट संपवायची आहे’ म्हणून प्रिंटरची काडतुसे आणि कागदाची रिमे विकत घेणाऱ्या विभागांचा मला मनस्वी राग येतो. मलप्रभेच्या पाण्यासाठी मंजूर झालेला पैसा कागदाच्या रिमांवर गेला, की पुढच्या वर्षी समिती त्या विभागाकडे कोणत्या नजरेने बघते हे त्यांनी एकदा समितीत बसून पाहावे.

फेलोशिपला यूसी नसते, पण पुरावा असतोच. संशोधक त्या महिन्यात कामावर होता, याला संस्थेने दरमहा दुजोरा द्यायचा असतो. तिथे तपास माणसाच्या वेळेचा होतो, अनुदानात रुपयाच्या वाटेचा.

आणि इथेच ती जागा येते जिथे भलेभले घसरतात. फेलोशिपच्या पोटात अनुदानाचा एक तुकडा असतो : आकस्मिक निधी, म्हणजे कंटिन्जन्सी. आयोगाच्या फेलोशिपमध्ये मानव्य आणि सामाजिक शास्त्रांना पहिली दोन वर्षे वार्षिक १०,००० आणि पुढे २०,५०० रुपये, विज्ञान शाखांना १२,००० आणि पुढे २५,००० रुपये असतात. हा पैसा त्याच माणसाच्या नावाने येतो. पण तो पुस्तके, रसायने, टंकलेखन, क्षेत्रकार्य यांसाठीच असतो आणि त्याची बिले द्यावी लागतात. फेलोशिपचाच भाग समजून तो घरखर्चात घालणारे विद्यार्थी पुढे प्रबंध सादर करताना जुन्या पावत्या शोधत फिरतात. याच्या उलट, प्राध्यापकाच्या अनुदानात प्रकल्प सहायकाच्या मानधनाची ओळ असते. सहायकाच्या दृष्टीने तो मेहनताना आहे, त्याने तो कसाही खर्च करावा. प्राध्यापकाच्या दृष्टीने मात्र ती हिशेबाची ओळ आहे आणि तिला नेमणूकपत्र, हजेरी आणि बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा लागतो. एकच रक्कम देणाऱ्याच्या वहीत अनुदान आणि घेणाऱ्याच्या हातात मानधन असू शकते, हे पटायला काहींना वर्षे लागतात.

काही मार्गदर्शक विद्यार्थ्याच्या फेलोशिपमधून प्रयोगशाळेची रसायने आणायला लावतात. ‘तुला एवढे मिळतात, तर एक बाटली आण’ हे ऐकायला निरुपद्रवी वाटते, पण तो त्या मुलाच्या जेवणाचा पैसा असतो. प्रयोगशाळेसाठी अनुदान मागायची मेहनत मार्गदर्शकाने करायची आहे. दुसरीकडे, अनुदानातून घेतलेला लॅपटॉप किंवा ध्वनिमुद्रक प्रकल्प संपल्यावर घरी राहतो, हेही तितकेच चूक. ती वस्तू विभागाच्या साठा नोंदवहीत चढलेली असते, तिच्यावर क्रमांक टाकलेला असतो, आणि प्रकल्प संपला की ती विभागातच परतते. वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या मुलाखती घेण्यासाठी कोणा विद्यार्थिनीने ध्वनिमुद्रक घेतला, तर मुलाखती तिच्या प्रबंधात जातील, यंत्र विभागाच्या कपाटात.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अनुदानाचे एक जुने, चांगले उदाहरण राज्यातच आहे. कर्नाटक राज्य विज्ञान आणि तंत्रज्ञान परिषद १९७७ पासून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना साहाय्य देते. प्रस्ताव विद्यार्थ्यांचा, पण रक्कम कॉलेजच्या नावे. मला हीच पद्धत पसंत आहे. गुणवंतांना सरसकट पाकिटे वाटण्यापेक्षा पाच ओळींचे अंदाजपत्रक लिहायला लावून थोडके पैसे दिलेले बरे, कारण त्या पाच ओळी लिहिताना मुलाला आपल्या कामात काय काय लागते हे पहिल्यांदा समजते.

दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे मूल्यांकन करणाऱ्या नॅकलाही ठाऊक आहे. विद्यापीठाने शिक्षकांना दिलेले सीड मनी संशोधनाच्या तिसऱ्या निकषात मोजतात, तर शिष्यवृत्त्या आणि फीसवलती विद्यार्थी साहाय्याच्या पाचव्या निकषात. तरी दोन्ही आकडे एकत्र करून ‘संशोधनावर एवढा खर्च’ असे छापणारी माहितीपत्रके निघतात. अर्जाचा नमुना, वयाची अट, हप्ते किती, हे फरक किरकोळ आहेत आणि जाहिरातीत लिहिलेले असतात, त्यांवर शाई खर्च करत नाही.

सीमाभागातल्या आपल्या मुलांना मात्र या फरकाची एक वेगळी झळ लागते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पुष्कळ मुले कोल्हापुरात शिकायला जातात. सरकारी शिष्यवृत्ती माणसाला चिकटलेली असल्यामुळे तिथे रहिवास, जात, उत्पन्न, कोणत्या राज्याचा दाखला, हे सगळे प्रश्न उभे राहतात, आणि महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या विद्यार्थ्यांना प्रवेशासाठी असलेली वेगळी तरतूद ही शिष्यवृत्तीची हमी आहे असे समजून काही जण फसतात. विद्यापीठाच्या अंतर्गत अनुदानात असला कोणताही दाखला सहसा लागत नाही. तुम्ही त्या विद्यापीठात नोंदलेले विद्यार्थी आहात, मार्गदर्शकाची सही आहे, प्रस्ताव बरा आहे, एवढे पुरते. शिष्यवृत्ती नाकारली गेली म्हणून प्रकल्प-अनुदानाचा अर्जच न करणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांना तसा सल्ला देणारे शिक्षकही.

कर्नाटकातल्या विद्यापीठाकडून आलेले मंजुरीपत्र कन्नडात असले, की ते पुष्कळदा न वाचताच सही करून दिले जाते. निदान शेवटचा परिच्छेद कोणाकडून तरी वाचून घ्यावा. तिथे ‘हण बळके प्रमाणपत्र’, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, मागितले असेल तर पहिल्या दिवसापासून पावत्यांची फाईल उघडावी, आणि नसेल तरी कंटिन्जन्सीची ओळ आहे का, हे एकदा पाहून घ्यावे.