सुगम्य वाहतूक

अपंग, वृद्ध किंवा आजारपणामुळे हालचालीवर मर्यादा आलेल्या माणसाला कुणाच्या मेहरबानीवर न राहता, सुरक्षितपणे आणि ताठ मानेने प्रवास करता यावा यासाठी लागणारी वाहने, थांबे, स्थानके, रस्ते आणि प्रवासाची माहिती यांची एकत्रित व्यवस्था म्हणजे सुगम्य वाहतूक. ‘अडथळामुक्त वाहतूक’ असेही तिला म्हणतात. २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९.६ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्या वेळी अपंगत्वाचे आठच प्रकार मोजले होते. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले. शासकीय मराठीत आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ आहे. चळवळीतल्या अनेकांना तो मान्य नसल्याने या नोंदीत ‘अपंग’ हाच शब्द ठेवला आहे.

व्याख्येतला ‘एकत्रित’ हा शब्द महत्त्वाचा. घराचा उंबरठा, सोसायटीचा जिना, पदपथ, थांबा, बसचे दार, बसमधली जागा, उतरल्यावरचा रस्ता अशी प्रवासाची साखळी असते आणि त्यातली एक कडी निसटली तरी प्रवासच होत नाही. म्हणून ‘इतक्या बसना रॅम्प बसवले’ एवढ्या आकड्यावरून शहर सुगम्य झाले की नाही हे कळत नाही.

सवलत आणि सोय

आपल्याकडे या विषयाची सुरुवात सवलतीपासून झाली, आणि अजूनही बहुतेक चर्चा तिथेच थांबते. एसटीच्या साध्या गाडीत ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या प्रवाशाला भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. अपंगत्व ६५ टक्के किंवा अधिक असेल तर सोबतच्या मदतनिसालाही ५० टक्के. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलामुलींचे शिक्षण आणि दवाखान्याच्या फेऱ्या या सवलतीवर झाल्या, तिचे मोल कमी नाही. पण एसटीची नेहमीची गाडी ट्रकच्या सांगाड्यासारख्या उंच सांगाड्यावर बांधलेली असते. तिची फरशी जमिनीपासून मीटरभर वर, दार अरुंद, पायऱ्या गुडघाभर उंच. तिकीट स्वस्त झाले तरी पायरी तेवढीच राहते. कुबड्या वापरणारा माणूस दांडीला लोंबकळत, मागच्याचा रेटा घेत चढतो. चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला उचलूनच घ्यावे लागते, म्हणजे त्याच्या प्रवासाचा निर्णय उचलणाऱ्यांच्या हाती जातो.

रेल्वेच्या सवलतीचे नियम याहून बारीक आहेत. साथीदाराशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग प्रवासी, पूर्ण अंध आणि बौद्धिक अपंगत्व असलेले प्रवासी यांना द्वितीय श्रेणी, शयनयान, वातानुकूलित तृतीय श्रेणी वगैरेंत ७५ टक्के आणि वातानुकूलित प्रथम व द्वितीय श्रेणीत ५० टक्के सवलत आहे. साथीदारालाही तेवढीच मिळते. मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसह बहुतेक सवलती बंद केल्या, तेव्हा अपंगांच्या सवलती कायम राहिल्या. तरी ‘साथीदाराशिवाय प्रवास करू न शकणारे’ या अटीचा अर्थ पाहावा. कॅलिपर (पायाला आधार देणारा धातूचा साचा) लावून एकट्याने प्रवास करायला शिकलेला माणूस तिच्यातून गळतो. स्वावलंबनाला उत्तेजन द्यायचे तर ही अट नेमकी उलट दिशेने बोलते.

उंचीचे गणित

चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे मान्य प्रमाण १:१२ आहे. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी १.८० मीटर लांबीचा उतार हवा. हे प्रमाण डोळ्यांपुढे ठेवून शहरी बसकडे पाहिले की अडचण कुठे आहे ते उमगते.

खालच्या फरशीच्या बसची, म्हणजे लो-फ्लोअर बसची, फरशी रस्त्यापासून साधारण ४० सेंमी उंच असते. पदपथ १५ सेंमी उंच आणि बस त्याला चिकटून उभी असेल तर उरतात २५ सेंमी. हवेच्या स्प्रिंगवरची बस थांब्यावर एका बाजूला झुकते. त्याने आणखी काही सेंटिमीटर वाचतात. मग दाराशी दुमडून ठेवलेला मीटरभराचा रॅम्प उघडला की चढ साधारण १:५ होतो. तोही मानकापेक्षा बराच तीव्र, पण मागून कुणी हात लावला तर खुर्ची चढते. हीच बस पदपथापासून चार हात दूर, रस्त्याच्या मध्यात थांबली तर रॅम्प थेट डांबरावर टेकतो आणि चढ १:२.५ होतो. त्यावरून खुर्ची नेणे म्हणजे माणूस उलटा पाडण्याची तयारी. बस तीच, रॅम्पही तोच. फरक फक्त ती कुठे उभी राहिली याचा. थांब्यापुढे रिक्षा आणि दुचाकी लागलेल्या असल्या तर चालकाची इच्छा असूनही तो बस कडेला घेऊ शकत नाही. रॅम्प बहुधा हाताने ओढून उघडायचा असतो, तेव्हा तो कुणी उघडायचा हेही ठरलेले लागते. विनावाहक बसमध्ये ते काम चालकावरच पडते आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात.

यावरचा चांगला तोडगा ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहराने १९९१ मध्ये काढला: थांब्याचा फलाटच बसच्या फरशीइतका उंच केला आणि प्रवासी सपाटीवरून आत जाऊ लागले. पुण्याने २००६ पासून बीआरटीचे, म्हणजे फक्त बससाठी राखलेले, मार्ग आखले आणि २०१५ मध्ये ‘रेनबो’ बीआरटी सुरू केली, त्यामागे हीच कल्पना होती. तिथेही बस फलाटापासून वीतभर लांब थांबली की मधल्या फटीत पुढचे चाक अडकते. म्हणून चालकाचे प्रशिक्षण हा सुगम्यतेचा भाग आहे, तो वेगळा विषय नाही.

मुंबईची लोकल

मुंबईच्या उपनगरी गाड्यांत अपंग आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी राखीव डबा असतो. गरोदर महिलांनाही त्यातून जाता येते. या डब्याची जागा गाडीत ठरलेली असते, फलाटावर तिथे खूण केलेली असते आणि अनेक फलाटांवर त्या जागी ‘टुक-टुक’ वाजणारे यंत्र बसवलेले आहे. अंध प्रवासी त्या आवाजाच्या रोखाने चालत जाऊन बरोबर दाराशी उभा राहतो. फार साधी युक्ती आहे, आणि तिच्यावर विसंबून रोज कितीतरी लोक कामाला जातात. यंत्र बंद पडले की त्या दिवशी डबा शोधण्यासाठी दुसऱ्याची बाही धरावी लागते.

लोकल स्थानकात जेमतेम २०-३० सेकंद थांबते. एवढ्या वेळात कुबड्या सावरत, फलाट आणि डबा यांच्यातली फट ओलांडून चढायचे. जुने फलाट डब्याच्या फरशीपेक्षा बरेच खाली होते. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपर स्थानकात एका विद्यार्थिनीला अपघातात दोन्ही हात गमवावे लागले. त्यानंतर हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात ऐरणीवर आला आणि फलाटांची उंची ९०० मिलिमीटरच्या वर नेण्याची कामे झाली. त्याचा लाभ अपंगांना झालाच, शिवाय साडी नेसलेल्या बाईला, बाळ कडेवर घेतलेल्या बापाला आणि गुडघे धरलेल्या आजींनाही झाला.

राखीव डब्यात घुसणाऱ्या धडधाकट प्रवाशांचा त्रास मात्र जुनाच आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १५५ प्रमाणे राखीव डब्यात असे शिरणे हा दंडनीय गुन्हा आहे, आणि दंडाची मर्यादा ५०० रुपये. गर्दीच्या वेळी आत शिरलेल्या माणसाला ‘कार्ड दाखवा’ म्हणायची वेळ बसलेल्या अपंग प्रवाशावरच येते. ज्यांचे अपंगत्व दिसत नाही त्यांची आणखी कुचंबणा होते: श्रवणदोष असलेला तरुण किंवा केमोथेरपीहून परतणारी बाई यांच्याकडे डब्यातलेच लोक संशयाने पाहतात.

लांब पल्ल्याच्या गाड्यांत रुंद दाराचा आणि मोठ्या स्वच्छतागृहाचा राखीव कक्ष असतो, पण तो बहुधा गाडीच्या टोकाला, गार्डाच्या डब्यात. म्हणजे फलाटावरचे सर्वांत लांब अंतर ज्याला चालायला सर्वांत कठीण त्याच्याच वाट्याला. प्रमाणित उंच फलाट ७६ ते ८४ सेंमीचा, डब्याची फरशी त्याहून हातभर वर. लहान स्थानकांत फलाट त्याहूनही खाली, आणि दोन फलाटांना जोडायला फक्त जिन्याचा पूल.

मेट्रो या सगळ्यानंतर आली आणि सुरुवातीपासूनच सुगम्यतेचा विचार करून बांधली गेली. दिल्ली (२००२), मुंबई (२०१४), नागपूर (२०१९), पुणे (२०२२) या सर्व ठिकाणी उद्वाहने, खुर्चीसाठी मोकळी जागा, फलाट आणि डबा एका पातळीत आणि थांब्यांच्या घोषणा आहेत. स्थानकाच्या बाहेर पाऊल टाकले की मात्र पदपथ उखडलेला किंवा खांब आणि टपऱ्यांनी भरलेला सापडतो, कारण तो दुसऱ्या यंत्रणेच्या ताब्यात असतो.

डोळे आणि कान

सुगम्यता म्हटले की लोकांना चाकाची खुर्चीच आठवते. अंध आणि कर्णबधिर प्रवाशांची अडचण पायरीची नसून माहितीची असते. पदपथावर आणि स्थानकांत दिसणाऱ्या उठावदार पिवळ्या फरश्या जपानच्या सेइइची मियाके यांनी शोधल्या. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात त्या प्रथम बसवल्या गेल्या. लांब रेघा म्हणजे ‘सरळ चला’, ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे वळण किंवा धोका आहे’. ही लिपी तळपायाने आणि पांढऱ्या काठीने वाचायची असते. आपल्याकडे या फरश्या कधी झाडाच्या बुंध्यात, कधी विजेच्या डीपीत जाऊन संपतात. बसवणाऱ्याला ती शोभेची पट्टी वाटते आणि वाचणाऱ्याच्या कपाळाला खोक पडते.

बेस्टच्या बसवर पुढे मराठी आकड्यांत क्रमांक असतो. तो न दिसणाऱ्याला शेजारच्याला विचारावे लागते, आणि थांब्यावर दुसरे कुणी नसेल तर हात करून प्रत्येक बस थांबवावी लागते. आयआयटी दिल्लीने यासाठी ‘ऑनबोर्ड’ नावाचे उपकरण तयार केले. हातातले बटण दाबले की समोर आलेली बस आपला क्रमांक बोलून सांगते आणि आवाजाच्या दिशेने दार सापडते. विजेवरच्या बस जवळजवळ नि:शब्द धावतात, त्यामुळे अशा आवाजाची गरज आता वाढली आहे. कर्णबधिरांचे नेमके उलटे. ‘गाडी फलाट क्रमांक ३ ऐवजी ५ वर येईल’ ही घोषणा नुसत्या भोंग्यावरून झाली तर त्यांची गाडी डोळ्यांदेखत निघून जाते.

कायदा

अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या अधिनियमात रेल्वेचे डबे, बस, जहाजे आणि विमाने सुगम करण्याचे कलम होते. पण ‘आर्थिक कुवतीच्या आणि विकासाच्या मर्यादेत’ या शब्दांनी त्याला पळवाट ठेवली होती. चळवळीतले कार्यकर्ते जावेद आबिदी यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर १९९८ मध्ये निकाल लागला आणि इंडियन एअरलाइन्सला ८० टक्के वा अधिक अस्थिव्यंग असलेल्यांनाही भाडेसवलत द्यावी लागली. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली. त्याच्या ९ व्या अनुच्छेदात सुगम्यता आणि २० व्या अनुच्छेदात वैयक्तिक गतिशीलता आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालीवर येणारी मर्यादा) असलेल्या जीजा घोष यांना २०१२ मध्ये कोलकात्यात विमानातून उतरवले गेले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे कलम ४१ थेट वाहतुकीचे आहे: थांबे, स्थानके आणि विमानतळांवरची वाहनतळे, स्वच्छतागृहे, तिकीट खिडक्या व यंत्रे, सर्व वाहने आणि रस्ते. जुन्या वाहनांत बदल करण्याच्या बाबतीत मात्र ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य’, ‘आर्थिकदृष्ट्या परवडणारे’ अशा अटी याही कायद्यात शिल्लक आहेत. त्याआधी ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाने सरकारी मालकीच्या बसपैकी २५ टक्के पूर्ण सुगम्य करण्याचे लक्ष्य ठेवले आणि पुढे त्याची मुदत वाढवत नेली. मार्च २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बसमध्ये प्राधान्याच्या जागा, कुबड्या व काठ्या ठेवण्याची सोय, आधाराच्या दांड्या, आणि खुर्ची आत नेऊन जागेवर बांधण्याची व्यवस्था लागते.

सर्वांत दूरगामी निकाल दृष्टिहीन कार्यकर्ते राजीव रतुरी यांच्या सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेवरचा. २००५ मध्ये दाखल झालेल्या या याचिकेवर २०१७ मध्ये सविस्तर निर्देश निघाले, पण अंमल झाला नाही. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने सुगम्यतेची मानके केवळ मार्गदर्शक ठरवणारा, २०१६ च्या कायद्याखालील नियमावलीतला नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत म्हणून बाद केला आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्यास सांगितले. ‘शक्य झाल्यास करावे’ आणि ‘करावेच लागेल’ यांतले अंतर या निकालाने स्पष्ट केले.

खाजगी वाहने

सार्वजनिक वाहनात चढता येत नाही म्हणून आपल्या मालकीचे वाहन, हा बहुतेक अपंगांचा मार्ग. त्यात सर्वांत जुनी आणि सर्वांत परिचित हाताने फिरवायची तीनचाकी सायकल. कानपूरची ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी ती बनवते, आणि शिबिरांतून ती वाटली जाते. त्यानंतर साइड व्हील लावलेली स्कूटर आली, आणि तिने खेड्यापाड्यांतल्या तरुणांचे जग एकदम मोठे केले. आयआयटी मद्रासच्या ‘निओबोल्ट’मध्ये चाकाच्या खुर्चीलाच पुढे मोटरचे चाक जोडता येते, त्यामुळे खुर्चीतून उठून दुसऱ्या वाहनात बसण्याचा खटाटोप वाचतो. मोटारीत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवण्याची जोडणी करता येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये ‘अनुकूलित वाहन’ ही व्याख्या आली. त्यापूर्वी या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात अशा गाडीसाठी वापरलेला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ हा शब्द अपमानास्पदच होता. कर्णबधिरांना वाहन परवाना नाकारता येणार नाही, त्यांनी चाचणी उत्तीर्ण व्हावी इतकेच, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केले.

टॅक्सी-रिक्षांचा भाग मात्र मोकळाच आहे. रिक्षाची फरशी खाली असली तरी खुर्चीला जागा नसते. सीएनजीच्या टॅक्सीची डिकी टाकीने भरलेली, म्हणून घडीची खुर्ची टपावर बांधावी लागते. लंडनमध्ये १९८९ पासून नव्या काळ्या टॅक्सीत चाकाची खुर्ची जाईल अशी रचना सक्तीची झाली आणि २००० पासून सगळ्याच तशा झाल्या. भारतात मोठ्या शहरांत काही खाजगी सेवा रॅम्प किंवा लिफ्ट बसवलेल्या गाड्या चालवतात, पण त्यांची संख्या थोडी आणि भाडे साध्या टॅक्सीपेक्षा जास्त. गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते.