बोअरचं पाणी पिता? नागपुरात तपासणीचा अर्ज, नमुना आणि अहवाल

शहराच्या कडेच्या कितीतरी ले-आऊटमध्ये अजून बोअरवरच टाकी भरते. जिल्ह्यातल्या लहान गावांत एक विहीर, एक टाकी आणि थोडेसे नळ, एवढीच नळयोजना. पण योजना लहान म्हणून निकष सैल होत नाहीत. शहराला नळाने येणाऱ्या पेंच धरणाच्या पाण्याला जे भारतीय मानक, आयएस 10500 (2012), तेच तुमच्या बोअरलाही लावून बघतात.

अर्ज कोण करू शकतं? घरमालक, भाडेकरू, सोसायटी, शाळा, कोणीही. जलजीवन मिशन 2019 मध्ये सुरू झालं आणि पाण्याच्या सरकारी प्रयोगशाळा नागरिकांसाठीही खुल्या झाल्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे चौकशी करा. खासगी बोअरसाठी शुल्क भरावं लागतं. गावातल्या सार्वजनिक विहिरीचा किंवा हातपंपाचा नमुना घेणं हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं काम आहे, त्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) मागणी करा. खासगी प्रयोगशाळेत जायचं असेल तर तिला पाण्याच्या तपासणीसाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, ते आधी विचारा.

कागद फार लागत नाहीत. सोसायटीने लेटरहेडवर अर्ज करावा, व्यक्तीने साधा अर्ज आणि ओळखपत्राची प्रत जवळ ठेवावी. खरा महत्त्वाचा कागद बाटलीसोबतचा: स्रोत बोअर की विहीर, नेमका पत्ता, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं होतं का, आणि रासायनिक तपासणी हवी की अणुजैविक, म्हणजे जंतूंची. दोन्ही हव्या असतील तर बाटल्या दोन.

घोटाळा होतो तो नमुन्यात. रासायनिक तपासणीला स्वच्छ प्लास्टिकचा कॅन चालतो, त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायचा. अणुजैविक तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणा. ती निर्जंतुक केलेली असते आणि क्लोरीन निष्प्रभ करणारं औषध तिच्यात आधीच घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही. नळाला लावलेली नळी काढा, तोटी पुसून घ्या, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागता कामा नये, बाटलीत वर थोडी जागा सोडायची. मग बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नागपूरच्या मे महिन्यात डिक्कीत तापलेली बाटली तपासून काहीच कळत नाही.

अहवालात मर्यादांचे दोन रकाने असतात आणि बहुतेक जण पहिलाच वाचतात. पहिला स्वीकारार्ह मर्यादेचा, दुसरा पर्यायी स्रोत नसेल तरच चालणाऱ्या मर्यादेचा. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, 500 आणि 2000 मिलिग्रॅम प्रति लिटर. कठीणपणा 200 आणि 600. फ्लोराइड 1 आणि 1.5. नायट्रेटला मात्र 45 च्या वर सूटच नाही. ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू, 100 मिलिलिटरमध्ये एकही सापडता कामा नये.

टीडीएस मीटर घरोघरी आलाय, पण त्यावर विसंबू नका. तो ई-कोलाय दाखवत नाही, आणि नायट्रेट किती हेही सांगत नाही. गावाच्या पाण्याला धोका कमी असल्याचं हिरवं कार्ड मिळालं तरी ते स्वच्छता सर्वेक्षणावरून मिळतं, त्यावरून नायट्रेट किंवा फ्लोराइडचा अंदाज लागत नाही.

ई-कोलाय निघाला तर टाकी धुवा, क्लोरीन द्या, अर्धा तास थांबा आणि शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरतंय का बघा. मग पुन्हा नमुना द्या. तोवर पाणी उकळून प्या. नायट्रेट निघालं तर उपाय उलटा: उकळल्याने पाणी आटतं आणि नायट्रेट आणखी दाट होतं. ते खतांतून, संडासाच्या शोषखड्ड्यांतून जमिनीत झिरपतं आणि तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतं. असं पाणी बाळाच्या दुधात अजिबात नको, त्याच दिवसापासून दुसरं पाणी आणा.

गावात अहवालाची प्रत जोडून ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर तीच पोच लावून पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे जा. शहरात महापालिकेच्या झोन कार्यालयातून जलप्रदाय विभागाला अर्ज द्या, आणि ले-आऊटमध्ये पाइपलाइन आली नसेल तर तिची मागणीही त्याच अर्जात लिहा. पुढची अणुजैविक तपासणी पावसाळा लागल्यावर करा, विहिरीत वरचं पाणी उतरतं ते तेव्हाच.