बेण्याची फोड वाळली म्हणजे जखम भरली असे नव्हे

बटाट्याचे बेणे कापून फोडी उन्हात टाकायच्या, पृष्ठभाग कोरडा लागला की 'जखम भरली' म्हणायचे, हा समज चुकीचा आहे. ऊन फक्त वरच्या पेशी मारते. जखम बुजवतात त्या खालच्या जिवंत पेशी, आणि त्यासाठी त्यांना मेदाम्ले (मेदाचे लांब साखळीसारखे घटक) नव्याने बनवावी लागतात, कारण बटाट्यात मेद नावालाच असतो, ताज्या वजनाच्या जेमतेम ०.१ टक्का. काप बसताच मेदाम्लांच्या साखळ्या लांबवणारे जीन जागे होतात. त्यांच्याबरोबर सीवायपी८६ए३३ हा जीनही, जो साखळीच्या टोकाला ऑक्सिजन जोडतो. यातूनच सुबेरिन, म्हणजे पाणी अडवणारा बुचासारखा थर, तयार होतो. या जीनचे काम दाबलेल्या बटाट्याच्या सालीतून पाणी कितीतरी जास्त उडते.

म्हणून ४०-५० ग्रॅमच्या, किमान दोन डोळ्यांच्या फोडी सावलीत, १५ अंश सेल्सिअसच्या आसपास, ८५-९५ टक्के आर्द्रतेत, हवा खेळती ठेवून आठवडाभर ठेवा. ५ अंशांवर हेच काम फार रेंगाळते. जाड ढीग केला तर आतल्या फोडींना ऑक्सिजन कमी पडतो, आणि फोडींवर पाणी साचले तर मऊकूज शिरते. फोडींना लावलेली राख ओल शोषते खरी, पण सुबेरिन तिच्यातून येत नाही.