'जेट' का गेला आणि 'विरिडिस' का आला

आकड्याप्रमाणे रंग देण्याची कल्पना संगणकाच्या किती तरी आधीची. 1826 साली फ्रान्सच्या एका नकाशात प्रत्येक विभागाला शालेय शिक्षणाच्या प्रसारानुसार छटा दिली होती. अज्ञान जितके जास्त, तितकी छटा गडद. गडद म्हणजे जास्त, फिकट म्हणजे कमी, एवढे पाहणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. दीड-दोनशे वर्षांनी सॉफ्टवेअरवाल्यांना तेच नव्याने शिकावे लागले.

मधल्या काळात 'जेट' आला होता. निळा, आकाशी, पिवळा, लाल असा हा इंद्रधनुषी कलरमॅप, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणता रंग हे ठरवणारी रंगांची मालिका. त्याचे नाव खगोलशास्त्रातल्या प्रवाही झोताच्या (जेटच्या) एका सिम्युलेशनवरून पडले. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये तो वर्षानुवर्षे डिफॉल्ट होता, आणि तिथूनच तो मॅटप्लॉटलिब या पायथनमधल्या आलेख काढणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उतरला. दिसायला झकास, पण त्याचा उजेड सरळ चढत नाही. दोन्ही टोके काळपट आणि मधला आकाशी-पिवळा भाग झगझगीत. त्यामुळे आकडे संथपणे वाढत असले तरी पिवळ्यापाशी एखादी कडा असल्याचा भास होतो. कृष्णधवल छपाईत तर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा जवळजवळ सारखाच काळा दिसतो.

2014 मध्ये मॅटलॅबने जेटच्या जागी 'पारुला' आणला, पण तो मालकीहक्काचा असल्याने मुक्त सॉफ्टवेअरला उचलता येईना. मॅटप्लॉटलिबसाठी नवा कलरमॅप घडवावा लागला. ए, बी, सी, डी असे पर्याय मांडून लोकांची मते मागवली गेली, आणि शेवटी 'डी' निवडला गेला. तोच विरिडिस. जांभळ्यापासून हिरव्यातून पिवळ्यापर्यंत जाताना त्याचा उजेड समान पावलांनी वाढतो, आणि लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्यांनाही तो वाचता येतो. 2015 च्या 1.5 आवृत्तीत तो दाखल झाला आणि जानेवारी 2017 च्या 2.0 पासून डिफॉल्ट ठरला. त्यावर कुरकूर झालीच: जुन्या आकृत्यांशी तुलना कशी करायची, हिरवट चित्र निस्तेज का दिसते, वगैरे. पहिली अडचण खरी होती, म्हणून तर जुने रूप परत आणणारी 'क्लासिक' शैली ठेवली गेली. निस्तेजपणाची तक्रार मात्र बहुतेक सवयीची होती. तरी इंद्रधनुष्याचा मोह सुटला नाही. 2019 मध्ये जेटचेच खाचखळगे घासून 'टर्बो' निघाला, आणि कॅमेऱ्यापासूनचे अंतर रंगाने दाखवणारी चित्रे पाहणाऱ्यांना तो सोयीचाही वाटतो.

या वादात जास्त छळणारा गोंधळ झाकला गेला. तो 'रंग' या शब्दाचाच. वर्तुळाला किंवा बहुभुजाला दिलेला रंग म्हणजे नुसते रंगकाम. त्यामागे आकडा नसतो. कलरमॅपला हवा असतो आकडा. तो आधी शून्य ते एकच्या पट्ट्यात बसवला जातो आणि मगच त्याला रंग मिळतो. हे बसवणे रेषीय (समान अंतराने) की लॉगरिदमिक (पटींच्या हिशेबाने), किमान-कमाल कुठे धरायचे, यावर चित्र पार बदलते. एकच भरमसाट मोठा आकडा घुसला की बाकी सगळे आकार एकाच जांभळ्यात बुडतात, आणि शिव्या खातो बिचारा कलरमॅप.

म्हणूनच मॅटप्लॉटलिबमध्ये सुटे आकार एका संग्रहात गोळा करून त्या संग्रहाला आकड्यांची यादी द्यायची पद्धत आहे. बरेच जण तसे न करता लूप फिरवून एकेक आकार हाताने रंगवतात. चित्र हुबेहूब तेच येते. मग शेजारी कोणता रंग म्हणजे कोणता आकडा हे सांगणारी रंगपट्टी मागितली की प्रोग्रॅम अडतो, कारण पट्टी कोणत्या आकड्यांची काढायची हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.