वेताळ टेकडीवरचं जंगल कुणी लावलं?

वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर उंच, म्हणजे पुणे शहरातला सर्वांत उंच भाग. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने आत शिरलं की दाट झाडी लागते आणि नवखा माणूस खूश होतो. यातली बरीचशी झाडी मात्र माणसाने लावलेली आहे.

फेब्रुवारीच्या सुमारास निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी फुलं लगडतात, ते गिरिपुष्प, म्हणजेच ग्लिरिसिडिया. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. नुसती फांदी खोचली तरी जगतं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, शिवाय मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून देतात. बोडक्या टेकड्या झटपट हिरव्या करायला याहून सोयीचं झाड कुठलं? पण त्याच्या दाट सावलीत वाकून पाहा: पाचोळा बाजूला सारला तरी गवताची काडी क्वचितच दिसते.

वेताळाच्या देवळाच्या आसपास उघडा माळ लागतो. खडकावर मातीचा पातळ थर, त्यात गवत आणि अधूनमधून सालई, पळस, गणेर. याला लोक ओसाड म्हणतात, ते मला पटत नाही. इथलं कुसळी गवतच घ्या. पावसाळ्यानंतर पायमोज्यात घुसलेलं एखादं कुसळ काढून ओल्या तळहातावर ठेवा. त्याची पिळदार शेपटी ओलाव्याने उलगडू लागते आणि कुसळ गर्रकन नाही, पण डोळ्यांना दिसेल इतपत फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. टोकावरचे केस मागे वळलेले, त्यामुळे पुढे सरकलेलं बी मागे येत नाही. दव आणि ऊन यांच्या जोरावर ते स्वतःला मातीत पेरून घेतं. पायमोज्यातही तेच चालतं, म्हणून ओढून निघत नाही!

पुढे जुनी दगडखाण. दगड काढणं थांबलं, खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं, आता तिथे पक्षी येतात. खाणीने टेकडीचा लचका तोडला हे खरंच, पण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आतून बघायचा तर अशाच ठिकाणी. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले की खडकात पोकळ्या राहतात. पुढे झिरपत्या पाण्यातली खनिजं त्यांत साचून स्फटिक तयार होतात. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळाजर्द कॅव्हन्साइट हा खनिज-स्फटिक अशाच पोकळ्यांतला. जगभरचे संग्राहक त्याच्यामागे असतात. खडीसाठी डोंगर फोडले नसते, तर तो खडकाच्या पोटातच राहिला असता.