ड्रू, चार्ल्स रिचर्ड
(३ जून १९०४ – १ एप्रिल १९५०). अमेरिकन शल्यचिकित्सक, वैद्यकाचे प्राध्यापक आणि विद्यार्थिदशेत गाजलेले अष्टपैलू खेळाडू. जन्म वॉशिंग्टन डी. सी. येथे. रक्तपेढीमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पण वैद्यकापर्यंतची त्यांची वाट मैदानावरून गेली, हे फारसे सांगितले जात नाही.

डनबर हायस्कूलमध्ये चार खेळांत चमकल्यावर १९२२ मध्ये खेळाच्या शिष्यवृत्तीवर ते मॅसॅचूसेट्समधील अ‍ॅम्हर्स्ट महाविद्यालयात दाखल झाले. तेथील सुमारे ६०० विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय अवघे १३ होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये ते हाफबॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) म्हणून खेळत, शिवाय अडथळ्यांच्या शर्यतीत धावत. तिसऱ्या वर्षी त्यांना फुटबॉल संघातील सर्वांत मोलाच्या खेळाडूचा अ‍ॅशली चषक मिळाला, तर चार वर्षांच्या एकूण क्रीडा-कामगिरीबद्दल मॉसमन चषक. अभ्यासात मात्र या काळात ते बेताचेच होते. बहिणीचा १९२० मधील मृत्यू आणि फुटबॉलमधील दुखापतीमुळे घडलेला रुग्णालयातील मुक्काम यांनी त्यांचे मन वैद्यकाकडे वळवले.

वैद्यकीय शिक्षणाला पैसे नव्हते. म्हणून १९२६ ते १९२८ या काळात बाल्टिमोरच्या मॉर्गन महाविद्यालयात त्यांनी जीवशास्त्र व रसायनशास्त्र शिकवले आणि क्रीडा विभागही सांभाळला. इंग्रजीचे श्रेयांक कमी पडल्याने हॉवर्ड विद्यापीठाने प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांनी मॉन्ट्रिऑलचे मॅकगिल विद्यापीठ गाठले. तेथेही धावणे सुटले नाही. ते मैदानी संघाचे कर्णधार झाले आणि १९३३ मध्ये १३७ जणांच्या वर्गात दुसरे आले.

कोलंबिया विद्यापीठातील ‘साठवलेले रक्त’ या विषयावरील प्रबंधाबद्दल १९४० मध्ये त्यांना ‘डॉक्टर ऑफ सायन्स इन मेडिसिन’ ही पदवी मिळाली. तेथून ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. त्याच वर्षी युद्धग्रस्त ब्रिटनला रक्तद्रव (प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्ताचा द्रव भाग) पुरवण्याची मोहीम त्यांनी सांभाळली. संपूर्ण रक्तापेक्षा रक्तद्रव जास्त टिकतो आणि तो देताना रक्तगट जुळवण्याची अडचण सहसा येत नाही, म्हणून आघाडीवर तो सोयीचा होता. पुढे रेड क्रॉसने कृष्णवर्णीयांचे रक्त वेगळे ठेवण्याचे धोरण स्वीकारले. त्याला कोणताही शास्त्रीय आधार नसल्याचे ड्रू उघडपणे सांगत.

१९४१ मध्ये, ज्या हॉवर्डने विद्यार्थी म्हणून नाकारले होते, तेथेच ते शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले. माझ्या मते तेथे शल्यचिकित्सक घडवणे हेच त्यांचे सर्वांत टिकाऊ काम. १९४१ ते १९५० या काळात अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरी या शल्यचिकित्सकांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेची मान्यता मिळवणाऱ्या कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९४४ मध्ये त्यांना कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या कर्तृत्वासाठी दिले जाणारे स्पिंगार्न पदक मिळाले.

अलाबामातील टस्कीगी येथील वैद्यकीय शिबिराला जाताना नॉर्थ कॅरोलायनातील बर्लिंग्टनजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. गोऱ्यांच्या रुग्णालयाने त्यांना उपचार नाकारल्याची वदंता अजून फिरते. ती खोटी आहे: डॉक्टरांनी त्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला, असे सोबतच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनीच सांगितले. जखमाच जीवघेण्या होत्या.